सानगडीचा पाऊस, समुद्राची वही

आज

आषाढ आहे. सानगडीत तलावाच्या पाळीवर तुम्ही उभे आहात. मागे सहानगडाच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष, पुढ्यात गढूळ पाणी आणि पाळीखालच्या बांध्यांमध्ये रोवणी चाललेली. बायका एका ओळीत वाकल्या आहेत. पाठीवर प्लास्टिकचा कागद, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी आणि उजवा हात चिखलात भराभर खाली-वर. बंगालच्या उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून काल रात्री इथे पोचला. पहाटेपासून धार तुटलेली नाही.

खाली वाका. जिथे ओघळ तलावात उतरतो, तिथला गाळ चिमटीत घ्या आणि बोटांनी चोळा. थोडी रेती लागते, थोडी चिकण, मध्येच अभ्रकाचा एक कण चमकतो. हा साकोलीच्या पट्ट्यातला खडक आहे, शंभर कोटी वर्षांहून जुना, झिजून झिजून माती झालेला. यातला बराचसा गाळ तलावात बसेल. उरलेला सांडव्यावरून नाल्यात जाईल, नाल्यातून चुलबंदेत आणि चुलबंदेतून वैनगंगेत.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उतार हेरले, पाळी घातल्या, बोड्या म्हणजे छोटी तळी खोदली आणि धानाला हक्काचं पाणी दिलं. हे तलाव ज्यांच्या ताब्यात होते त्या मालगुजारांची, म्हणजे जमीनदारांची, मालकी १९५०च्या कायद्याने संपली, म्हणून आज या तलावांना आपण माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतो. पाळ किती उंच घालायची आणि सांडवा किती रुंद ठेवायचा, हे ठरवताना त्या माणसांच्या मनात एकच प्रश्न असणार. इथे पाऊस किती पडतो आणि किती वर्षं दगा देतो?

गावातल्या वयोवृद्ध माणसाला विचाराल तर साठ-सत्तर वर्षांचं उत्तर मिळेल. भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं, त्यामुळे पर्जन्यमापकाच्या नोंदी साधारण दीडशे वर्षं मागे नेतात. त्याआधीच्या हजारो पावसाळ्यांचा हिशेब हवा असेल, तर चिमटीतल्या गाळासोबत निघावं लागेल. तो हिशेब समुद्राच्या तळाशी मांडून ठेवलेला आहे.

चला, उतरा पाण्यात.

नदीने समुद्रापर्यंत

वैनगंगेत शिरलात की वेग वाढतो. लाखांदूर मागे पडतं, देसाईगंज मागे पडतं. मार्कंड्याला नदी वळण घेऊन उत्तरेकडे तोंड करते, काठावर जुन्या मंदिरांची शिखरं दिसतात. पुढे वर्धा येऊन मिळते आणि दोघींचं नाव प्राणहिता होतं. वर्धेचं पाणी काळपट आहे, कारण ती दख्खनच्या बेसाल्टची काळी माती घेऊन आली आहे. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. मग भद्राचलम, राजमहेंद्री, त्रिभुज प्रदेश आणि शेवटी बंगालचा उपसागर.

इथे वेग एकदम मंदावतो. गोड पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं पसरतं आणि सानगडीची माती हळूहळू खाली बसू लागते. त्याच थरात तुमच्या डोळ्यांसमोरून एक ठिपका तरंगत जातो. आकार साखरेच्या बारीक दाण्याहूनही लहान, अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. जवळ जा. तो जिवंत आहे.

हा फोरॅमिनिफेरा. अभ्यासक त्याला लाडाने फोरॅम म्हणतात. एकपेशीय जीव, पण घर बांधणारा. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो चुन्याची एक खोली बांधतो, वाढला की तिला लागून दुसरी, मग तिसरी. तुमच्या समोरचा आहे ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर. फुगीर गोल खोल्या, भिंतीवर छिद्रंच छिद्रं, बाहेर केसांसारखे काटे आणि त्या काट्यांवर आश्रयाला आलेली सूक्ष्म शेवाळं. शेवाळांना ऊन लागतं, म्हणून हा जीव पृष्ठभागाजवळच राहतो. रुबर म्हणजे लाल. या जातीचा एक गुलाबी प्रकार अटलांटिकमध्ये आजही आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरांतून तो सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. तुमच्यासमोरचा पांढराच आहे.

त्याचं आयुष्य काही आठवड्यांचं. प्रजननपेशी सोडून तो संपतो आणि रिकामं घर खाली जाऊ लागतं. त्याच्या शेजारून सानगडीच्या मातीचा कणही खाली चालला आहे. दोघं एकाच तळाला टेकतात. त्यांच्यावर उद्याचा थर बसेल, परवाचा बसेल. हजारो वर्षं हेच चाललं आहे.

चाळणी, कुंचला आणि एक जुना वाद

हा तळ वाचायचा कसा, ते आधी शिकून घ्या. त्यासाठी किनारा बदलून गोव्यात दोना पावलाला या. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत फोरॅमचा अभ्यास कित्येक वर्षं चालत आला आहे. टेबलावर समुद्रतळाचा चमचाभर चिखल आहे. तुम्ही तो ६३ मायक्रॉनच्या चाळणीत टाकून नळाच्या बारीक धारेखाली धुता. चिखल वाहून जातो, चाळणीवर पांढरट रवा उरतो. तो वाळवून काळ्या तबकडीवर पसरा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा.

रवा नाहीसा होतो आणि समोर शंख, मणी, पाकळ्या, चकल्या, दुमडलेली पानं दिसू लागतात. अतिशय बारीक टोकाचा कुंचला पाण्यात ओला करा आणि एक कवच टिपून घ्या. श्वास रोखावा लागतो, नाहीतर फुंकरीने दाणे उडतात. अशी एकेक करून शेकडो कवचं निवडायची, जातीप्रमाणे लावायची, मोजायची. मान आखडते, डोळे पाणावतात. पुराहवामानशास्त्राचा, म्हणजे जुन्या काळच्या हवामानाच्या अभ्यासाचा, पाया अशा बसून केलेल्या निवडीवर उभा आहे. घरी तांदूळ निवडणाऱ्या माणसाला हे काम लगेच समजेल.

या कवचांची साक्ष किती पक्की असते, त्याचं एक उदाहरण तुम्हा तलाववाल्यांच्या जवळचं आहे. गुजरातेत लोथलला हडप्पाकालीन वसाहतीशेजारी दोनशे मीटरहून लांब, विटांनी बांधलेला एक आयताकृती खड्डा सापडला. उत्खनन करणारे एस. आर. राव म्हणाले, ही जहाजांची गोदी. काहींनी हरकत घेतली की हा सिंचनाचा तलाव असावा. १९८०च्या दशकात याच संस्थेतल्या राजीव निगम यांनी त्यातला गाळ तपासला. त्यात समुद्रात राहणारे फोरॅम निघाले. गोड्या पाण्याच्या तलावात ते येतील कुठून? म्हणजे तिथवर भरतीचं पाणी पोचत होतं. सानगडीच्या तलावाचा गाळ कितीही चाळलात तरी हे जीव मिळणार नाहीत. म्हणूनच आपल्या पावसाची साक्ष काढायला समुद्रात जावं लागतं.

आता कवचाचं रसायन. प्राणवायूचे अणू दोन तऱ्हेचे धरू, हलके आणि जड. समुद्रातून वाफ होताना हलके अधिक प्रमाणात वर जातात, त्यामुळे पावसाच्या आणि नदीच्या पाण्यात हलक्यांचा वाटा जास्त असतो. गोदावरीला मोठे पूर आले की उपसागराच्या वरच्या थरात हे हलकं पाणी मिसळतं आणि रुबर त्याच पाण्यातून घर बांधतो. पाऊस कमी झाला तर पाणी खारट राहतं, कवचात जड अणू वाढतात. सेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली फोरॅमच्या कवचांवरून हिमयुगांचे चढउतार मांडून दाखवले, तेव्हापासून ही लिपी वाचली जाते आहे.

सानगडीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं पान २००६ साली हाती आलं. भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी जॉइडिस रेझोल्यूशन हे जहाज कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर समुद्रतळ खोदत होतं. शोध होता इंधनवायूचा. गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटरहून खोल पाण्यातून काढलेल्या गाळाच्या एका नळकांडीत गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचे थर सलग मिळाले. कॅमिलो पाँटन, लिव्हिउ जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. थरांची वयं त्यांनी फोरॅमच्याच कवचांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढली. त्या नळकांडीत वैनगंगेचा गाळ आहे. चुलबंदेचा आहे. आपला आहे.

तिच्यातून खाली उतरणं म्हणजे मागे जाणं. उतरा.

१,७०० वर्षांपूर्वी

पुन्हा सानगडीत या. गाव नाही, तलाव नाही. टेकडी आहे आणि पानं गाळून उभी असलेली झाडं. जमीन भेगाळली आहे. नागपूर-रामटेकच्या बाजूला वाकाटकांचं राज्य आहे, वैनगंगेकाठी पवनीत कित्येक शतकांपूर्वी बांधलेला स्तूप उभा आहे.

उपसागरातल्या रुबरच्या कवचांत या काळाच्या आगेमागे जड प्राणवायू वाढलेला आहे. सोबत गाळात पानांवरच्या मेणाचे अंश आहेत. झाडांच्या मेणातला कार्बन आणि उन्हाळी गवतांच्या मेणातला कार्बन वेगळा ओळखू येतो. झाडांचा वाटा उतरला आहे, कोरड्यात तग धरणाऱ्या गवतांचा चढला आहे. एकटं कवच चुकू शकेल, एकटं पान चुकू शकेल. इथे समुद्रातला जीव आणि जमिनीवरची वनस्पती दोघं एकच जबाब देतात. मध्य भारत कोरडा पडला होता.

माणसांनी काय केलं? वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा इथे वाकाटक राजा देवसेनाच्या काळातला शिलालेख आहे, शके ३८०चा, म्हणजे इ.स. ४५७-५८चा. स्वामिल्लदेवाने बांधलेल्या सुदर्शन नावाच्या तलावाची त्यात नोंद आहे. तलाव कोरड्या हवेमुळेच बांधला असं लेखात म्हटलेलं नाही. पण विदर्भातला माणूस दीड हजार वर्षांपूर्वी पाणी अडवत होता आणि अडवल्याचं दगडावर कोरून ठेवण्याइतकं मोलाचं मानत होता, एवढं नक्की.

४,००० वर्षांपूर्वी

आणखी खाली. हवा दमट आहे, जंगल दाट आहे, पण कडा विरळ होऊ लागल्या आहेत. कोरडेपणाची सुरुवात या सुमाराला होते आणि पुढची दोन हजारांहून अधिक वर्षं ती टप्प्याटप्प्याने वाढत जाते. सिंधूच्या खोऱ्यातली मोठी नगरं विस्कटू लागली आहेत. तिकडे गोदावरीच्या वरच्या अंगाला, प्रवरेकाठी दायमाबादला, शेतकऱ्यांची वस्ती आहे. पुढे घोडनदीकाठी इनामगाव वसेल. पाऊस घटत असताना दख्खनवर शेती पसरत गेली, ही या नळकांडीने पुढे आणलेली विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

इथे थांबून गाळाकडे नीट पाहा. जोसान आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हाच गाळ मातीच्या अंगाने तपासला. पाऊस घटला तर नदी कमी माती आणेल, असं आपल्याला वाटतं. उत्तर उलटं निघालं. पाऊस घटल्यावर मातीची धूप वाढली. जंगलाचं पांघरूण विरळ झालं, मुळं सुटली आणि मग जो काही पाऊस पडला त्याने उघडी जमीन ओरबाडून नेली. वर्षानुवर्षं जमिनीत मुरलेला जुना कार्बनही त्यासोबत समुद्रात गेला. पुढे लोहयुगात शेती पसरली तशी ही धूप आणखी वाढली.

धानाची बांधी राखणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उघड्या धुऱ्यावर पडलेली एक सर, झाकलेल्या धुऱ्यावरच्या दहा सरींहून जास्त माती नेते. समुद्राने तेच चार हजार वर्षांच्या मापाने सांगितलं आहे.

९,००० वर्षांपूर्वी

आता सावरून उभे राहा, कारण पाऊस अंगावर कोसळतो आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला येते; त्या काळी ती उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात जवळ येत असे. जमीन जास्त तापायची, समुद्राकडून वारे अधिक जोराने ओढले जायचे. नळकांडीतल्या पानांच्या मेणात झाडांचा वाटा मोठा आहे. तुमच्याभोवती झाडी इतकी दाट आहे की टेकडीवरून खालचं पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

तिकडे अरबी समुद्रात ओमानच्या किनाऱ्यासमोर दुसरा फोरॅम हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने सांगतो. ग्लोबिजेरिना बुलॉइडिसला थंड, अन्नाने भरलेलं पाणी मानवतं. मान्सूनचा वारा जोरात वाहिला की खालचं थंड पाणी वर येतं आणि हा जीव बेसुमार वाढतो. खरगपूरच्या आयआयटीतले अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ही संख्या मोजून दाखवली. होलोसीनच्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या काळाच्या, सुरुवातीला वारे जोरदार होते, पुढे ते मंदावत गेले आणि उत्तर अटलांटिक थंडावला की आपला मान्सूनही ढिला पडायचा. सानगडीच्या पावसाचा एक धागा इतक्या दूर बांधलेला आहे.

२०,००० वर्षांपूर्वी

ती नळकांडी इथवर पोचत नाही, पण हिंदी महासागरातून काढलेले दुसरे लांब गाभे पोचतात. हिमयुग ऐन भरात आहे. उत्तर अमेरिका आणि युरोपावर बर्फाचे डोंगर बसले आहेत. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली आहे. मुंबईसमोर जिथे आज बोटी चालतात, तिथून तुम्ही दिवसेंदिवस पायी चालत पश्चिमेला जाऊ शकता. मान्सून दुबळा आहे.

सगळ्या महासागरांतले फोरॅम या काळात जड आहेत. हलका प्राणवायू बर्फात अडकून पडला आहे आणि समुद्रात जड उरला आहे. बंगालच्या उपसागरातल्या मिलिमीटरभराच्याही आतल्या कवचावर कॅनडातल्या बर्फाचं वजन नोंदलेलं आहे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी

ही शेवटची उडी लांब आहे. भारत भूमध्यरेषेच्या दक्षिणेला एक बेट होऊन सरकतो आहे. सानगडीचा खडक तेव्हाही म्हाताराच आहे. पश्चिमेला क्षितिज लाल आहे, दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत नागपूरपर्यंत आला आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्ह्याची आहे. दोन थरांमधल्या शांत काळात तळी साचतात, गाळ बसतो आणि पुन्हा लाव्हा येऊन त्याला झाकून टाकतो.

आपल्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीत, असाच एक झाकलेला गाळ सापडला. त्यात तळ्यातले जीव मिळणं साहजिक होतं. मिळाले मात्र समुद्रात तरंगणारे फोरॅमही! गेर्टा केलर, सुनील बाजपेयी, नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे प्रसिद्ध केलं. डायनासोर संपल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या या जाती होत्या. आज किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या जागी तेव्हा खारं पाणी आलं होतं, बहुधा नर्मदा-तापीच्या खचदरीतून. डोळ्यांना न दिसणाऱ्या चुन्याच्या गोळ्यांनी मध्य भारताच्या नकाशात समुद्राचा एक फाटा काढून दिला.

पुन्हा पाळीवर

परत या. पाऊस थोडा उघडला आहे. रोवणीची एक बांधी पुरी झाली आहे आणि बायका पाळीवर चहाला बसल्या आहेत.

तुम्ही हे वाचत असतानाही उपसागरात रुबर घर बांधतो आहे. या आषाढाचा पाऊस, सांडव्यावरून गेलेली माती आणि हवेतला कर्बवायू तो लिहून घेतो आहे. कारखानदारीच्या आधी हवेत दर दहा लाख भागांत २८० भाग कर्बवायू होता, आज तो ४२०च्या पुढे गेला आहे. त्यातला बराच समुद्रात विरघळतो आणि तिथे चुन्याचं घर बांधणं जड जातं. दक्षिण महासागरात आजच्या बुलॉइडिसची कवचं तळातल्या जुन्या कवचांपेक्षा ३० ते ३५ टक्के हलकी भरली, हे २००९ सालीच दिसून आलं. ज्या वहीतून आपण दहा हजार पावसाळे वाचले, तिची पानं आपल्याच काळात पातळ होत आहेत.

या प्रवासातून मी घेऊन आलो ते एवढंच. मान्सून कायमचा बांधून दिलेला नाही. तो चढतो, घटतो आणि घटला की हजारो वर्षं घटलेला राहतो. घटत्या पावसात सर्वांत आधी हातची जाते ती माती. पाऊस आपल्या हातात नाही. टेकडीवरचं झाड, नाल्याची वाट, तलावाची पाळ आणि धुऱ्यावरचं गवत मात्र आहे. म्हणून तलावातला गाळ उपसाल तेव्हा तो आपल्याच बांध्यांत परत घाला, पाळीवरची झाडं तोडू नका, बोड्या बुजवून प्लॉट पाडू नका. समुद्राच्या वहीत सानगडीच्या नावावर यापुढे कमीत कमी माती जमा झाली पाहिजे.